पूल घेतल्याशिवाय डोळा नाही

सोमवारी सकाळी अप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि रविवारी सकाळी अप्पा जेवणाच्या टेबलावर ओणवे होऊन नदीची रुंदी मोजत होते. नदी निळ्या मेणकापडाची होती. टेप मात्र खरा होता, भूमापन खात्यातला. सर्वेअर म्हणून निवृत्त होऊन अप्पांना बरीच वर्षं झाली होती, पण टेप काही त्यांच्या हातून सुटला नव्हता.

"अप्पा, बॅग भरून झाली का?" जावयाने दारातूनच विचारलं. तो पहाटे निघून गाडी चालवत आला होता आणि अजून त्याने बूटही काढले नव्हते.

"या, जावईबापू. त्या खुर्चीवर तेवढं बसू नका, तिथे राखीव पायदळ आहे."

जावयाने पाहिलं. खुर्चीवर खरोखरच शिशाच्या शिपायांचं राखीव पायदळ उभं होतं, एकेक शिपाई करंगळीच्या पेराएवढा. शेजारच्या खुर्चीवर मेलेले आडवे निजवले होते. तिसऱ्या खुर्चीवर अप्पांचा गुडघा होता. जावई उभाच राहिला.

त्याला बायकोने निघताना चांगलं बजावलं होतं. "माझे वडील आहेत, मी ओळखते त्यांना. हो हो म्हणतील, चहा पाजतील आणि तुला एकट्याला परत पाठवतील. घेऊनच ये. ही तारीख हुकली तर डॉक्टर परदेशी जाणार, मग थेट तीन महिन्यांनी." तीन महिने थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती. मागच्याच आठवड्यात अप्पांनी स्कूटर नेली ती थेट शेजाऱ्यांच्या कुंड्यांत, आणि वर शेजाऱ्यांनाच दरडावलं होतं, की भर रस्त्यात कुंड्या कसल्या ठेवता म्हणून. कुंड्या शेजाऱ्यांच्या व्हरांड्यात होत्या.

"बॅग मी भरलीय," आतून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा आवाज आला. "बॅगेचं काही नाही हो. माणूस भरायचा राहिलाय."

"मी नाही कुठे म्हणतोय?" अप्पा म्हणाले. "येणार म्हणजे येणार. फक्त लढाई संपू दे. पूल घेतल्याशिवाय माझ्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही."

पुलाचं प्रकरण असं होतं. फार वर्षांपूर्वी परदेशी व्यापार कंपनीची फौज आणि राजाची फौज यांची एका पुलावर लढाई झाली. राजाचे घोडेस्वार मागच्या टेकडीवर तयार उभे होते. त्यांनी खाली उतरून धडक मारायची, की कंपनी नदीत. पण हल्ल्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. घोडेस्वार संध्याकाळपर्यंत टेकडीवर गवत बघत उभे राहिले, पूल कंपनीकडे राहिला आणि पुलामागोमाग सगळा मुलूख गेला. ही चूक अप्पांना लहानपणी पुस्तकात वाचल्यापासून सहन झालेली नव्हती. ती दुरुस्त करायला त्यांनी दोन्ही फौजा स्वतः रंगवल्या, काड्यांचा हातभर पूल बांधला, आणि राजाच्या बाजूने ते दर सुट्टीला लढू लागले. आजवर एकदाही जिंकले नव्हते.

कारण समोर केमिस्टकाका होते. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. कंपनीवर त्यांचं काडीचं प्रेम नव्हतं. पहिल्या दिवशी नाणेफेक हरले म्हणून कंपनी त्यांच्या वाट्याला आली, इतकंच. पण एकदा आली म्हटल्यावर त्यांनी ती अशी काही सांभाळली, की खऱ्या कंपनीनेही स्वतःला इतकं सांभाळलं नसेल. खेळ नियमाने खेळायचा, फासा पडेल तसं वागायचं आणि सोंगटीला हात लावला की चाल झाली, मग तक्रार नाही. या तीन गोष्टींवर त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं.

"आणि लढाई संपायला किती वेळ?" जावयाने घड्याळ बघत विचारलं.

"खरी लढाई एका दुपारीत संपली होती."

"म्हणजे दुपारी निघू?"

"आमची मागच्या महिन्यात सुरू झालीय," अप्पा म्हणाले.

जावई स्वयंपाकघरात गेला. आई ओट्यापाशी उभ्या राहून चहा पीत होत्या. त्या घरात सगळे उभ्यानेच खात-पीत असत, कारण टेबलावर कायम कुणी ना कुणी कुणाला तरी घेरलेलं असे.

"आई, हे जिंकल्याशिवाय येणार नाहीत."

"हरले तरी येतील असं वाटतं का तुम्हाला? हरले की आठ दिवस तोंड फिरवून बसतात. मग ऑपरेशन कुठलं नि काय कुठलं. ते आज जिंकायलाच हवेत." त्यांनी कप आपटला. "येऊ देत भाऊजींना. मी बघते."

केमिस्टकाका आले ते इस्त्रीच्या शर्टात आणि लढाईच्या तयारीत. आईंनी त्यांना चप्पलही काढू न देता थेट स्वयंपाकघरात ओढलं.

"भाऊजी, आजच्या दिवस हरा."

काका असे दचकले, की जणू त्यांना कुणी तारीख उलटलेली औषधं विकायला सांगितली. "वहिनी, माझा जीव मागा, देतो."

"जीव घेऊन काय करू मी? पूल द्या."

"खोटं हरलो तर उद्या त्याच्या समोर बसू कसा मी? इतक्या वर्षांत मी एक फासा वाकडा टाकलेला नाही."

"अहो काका, त्यांचा डोळा जाईल," जावई म्हणाला.

काकांच्या चेहऱ्यावर खरोखरची कालवाकालव झाली. मित्र त्यांचाच होता. ते दोनदा चष्मा पुसून म्हणाले, "मी प्रार्थना करीन, की तो जिंकावा. पण हरणार नाही."

आता याला काय म्हणायचं? डोळा मित्राचा, टेबल मित्राचं, चहा मित्राच्या घरचा, आणि इमान कुणाशी, तर दीडशे वर्षांपूर्वी बुडालेल्या कंपनीशी! आईंनी हात जोडले आणि त्या भांडी आवरायला लागल्या. जरा जास्तच आवाज करून.

लढाई सुरू झाली. जावयाला पंच नेमण्यात आलं, कारण तो कुणाच्याच बाजूचा नव्हता आणि त्याला बसायलाही जागा नव्हती. तो लिफ्ट तपासणारा निरीक्षक होता. बिघडलेल्या लिफ्टवर 'ठीक' असा शेरा त्याने नोकरीत कधी मारला नव्हता, आणि पंचाचं कामही तसंच असेल असं त्याला वाटलं. टेबलाकडे नीट पाहिल्यावर मात्र त्याला घाम फुटला.

दोन्ही फौजा जांभळ्या होत्या.

अप्पांनी या लढाईआधी सगळ्या सैन्याला नवा रंग दिला होता. राजाची माणसं हिरवी आणि कंपनीची निळी, असं ते अभिमानाने सांगत होते. प्रत्यक्षात बाटली कुठलीही उचललेली असो, शिपायापासून सेनापतीपर्यंत सगळे वांग्याच्या रंगाचे झाले होते. कोण कुणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण अप्पा आपले ठाम होते आणि समोर काकाही तितकेच ठाम होते. जावयाने विचार केला, की हे इतकी वर्षं खेळतात, ह्यांना ओळखू येत असतील. आपण नवीन, उगाच कशाला तोंड उघडा?

पहिल्याच चालीला अप्पांनी टेकडीवर हात नेला. मागच्या रविवारी तिथे दोन्हीकडच्या घोडेस्वारांची झटापट झाली होती. एक टोळी टेकडीवर टिकली होती, दुसरी खाली ओढ्यात रेटली गेली होती.

"माझे घोडेस्वार," अप्पा वरच्या टोळीला हात घालत म्हणाले, "उतरायला लागले."

काकांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. ते उठले, जावयाचं मनगट धरून त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि दबक्या आवाजात ओरडले. दबक्या आवाजात ओरडणं ही एक अवघड गोष्ट आहे, पण काकांना ती जमली.

"अहो, ते माझे आहेत! वरचे माझे! त्याचे खाली ओढ्यात पडलेत! हा माणूस माझे घोडे घेऊन माझ्यावर चाललाय!"

"नक्की?"

"आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं वाचली मी. मला माझे घोडे ओळखता येणार नाहीत?"

हे जावयाला पटलं. एकाला मोतीबिंदू होता, तारीखसुद्धा ठरलेली. दुसरा डॉक्टरांची अक्षरं वाचत होता. "मग उचलून जवळून बघायचं का?" त्याने विचारलं.

"हात लावला की चाल होते. लढाई संपेपर्यंत नाही."

"मग सांगू अप्पांना?"

"सांगा की!" आई मध्ये पडल्या. "सांगा, म्हणजे रुसून बसतील आणि आठ दिवस उठायचे नाहीत. भाऊजी, तुम्ही हरू नका. तुमचं इमान तुमच्यापाशी. पण ते घोडे नेतायत तर नेऊ द्या. नुसतं गप्प बसायला काय जातंय?"

काकांनी नियमांची मनातल्या मनात उजळणी केली. गप्प बसू नये असा नियम कुठेच नव्हता. "ठीक आहे," ते म्हणाले, "गप्प बसतो. पण हे मला सोसणार नाही, सांगून ठेवतो." आणि त्यांनी बाहेर येऊन खिशातली रक्तदाबाची गोळी पाण्याशिवायच गिळली.

जावयाला वाटलं, आता काम झालं. शत्रूचे घोडे फुकटात मिळाल्यावर कोण हरेल? पण त्याने अप्पांना ओळखलं नव्हतं. दुसऱ्या चालीला अप्पांनी तोफा वळवल्या आणि ओढ्यातल्या टोळीवर रोखल्या.

"आता ह्यांना उडवतो," अप्पा म्हणाले.

काकांनी टेबलाखालून जावयाच्या पायावर पाय दिला. त्यांचे डोळे सांगत होते, की हा आता स्वतःच्याच लोकांवर तोफा डागतोय. जावयाने कपाळावरचा घाम पुसला. तोफा नेमक्या लागल्या तर अप्पा आपल्याच हाताने आपली फौज संपवणार, म्हणजे हरणार, म्हणजे रुसणार, म्हणजे तीन महिने, म्हणजे पुन्हा कुंड्या.

"अप्पा, तोफा पुलाकडे वळवल्या तर?"

"पंचाने सल्ला द्यायचा नसतो, जावईबापू."

"तसं नाही, आपलं सहज..."

"सहजसुद्धा नाही," काका म्हणाले. नियम म्हणजे नियम. ते तरी काय करणार?

तोफा लागल्या. ओढ्यातली अर्धी टोळी मेलेल्यांच्या खुर्चीवर गेली. अप्पा खूश झाले, काका त्यांच्याकडे दयेने बघायला लागले आणि जावयाने मनाशी एक निर्णय घेतला. नोकरीत कधी न मारलेला खोटा शेरा आज मारायचा. आता पुलाच्या तोंडाशी पायदळाची गाठ पडली होती. अप्पांनी फासा टाकला. फासा गडगडत नदीत थांबला.

"किती पडले?" अप्पांनी मान पुढे काढून विचारलं.

दोन पडले होते. "सहा," जावई म्हणाला.

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"वा! पुन्हा टाकतो. किती?"

एक. "सहा."

"पंच!" काका उठून उभे राहिले.

"सहा म्हणाले ना ते!" स्वयंपाकघरातून आई गरजल्या. काका खाली बसले.

तिसऱ्यांदा फासा पडला. जावयाने तोंड उघडायच्या आत अप्पांनी तो नदीतून उचलला आणि अंगठ्याने त्यावरचे खड्डे चाचपले. फासा जुना होता, हाडाचा, आणि त्याच्यावरचे ठिपके खोल कोरलेले होते.

"जावईबापू, हा तीन आहे."

"मी सहा म्हणालोच नव्हतो अजून."

"म्हणणार होता. तोंड तसं झालं होतं तुमचं." अप्पांनी दीर्घ श्वास घेतला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "उद्या येताच आहात दवाखान्यात, तर तुमचेही डोळे दाखवून घ्या. या वयात हे बरं नाही. मागचे दोन्ही सहा रद्द. मला फुकटचा विजय नको. पुन्हा टाकतो आणि माझं मी वाचतो."

जावई लालेलाल झाला. तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"निघालात का?" बायकोने विचारलं.

"निघतोच आहोत. थोडं पायदळ अडकलंय."

"काय?"

"पुलावर."

"ट्रॅफिक आहे का रे? हे बघ, रात्रीपर्यंत त्यांना भरती करायचंय. नाहीतर जागा दुसऱ्याला देतील, त्यांनी स्पष्ट सांगितलंय. ऐकतोयस ना? काहीही कर."

तो ऐकत होता. काहीही करून झालं होतं. त्याने फोन खिशात टाकला आणि पंचाने करण्यासारखं एकच काम उरलं होतं ते केलं, म्हणजे उभं राहून बघत बसला.

आता अप्पा फासा टाकत आणि अंगठ्याने वाचत होते. रद्द केलेल्या दोन फाशांच्या जागी एकदा पाच आले, एकदा दोन. पायदळ थोडं पुढे गेलं, थोडं मेलं. काका आपला प्रत्येक फासा मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि तो त्यांच्या दुर्दैवाने चांगलाच पडत होता. दर चांगल्या फाशाला ते "माफ कर, सर्वेअर," म्हणत आणि राजाचे शिपाई उचलत. जेवायची वेळ टळून गेली. कुणी जेवायचं नाव काढलं नाही. अप्पांचं पायदळ संपत आलं तेव्हा जावयाने गाडीची किल्ली काढून बोटाभोवती फिरवायला सुरुवात केली, कारण एकट्याने परत जायची तयारी ठेवणं भाग होतं. बायकोला काय सांगायचं, याचीही तो जुळवाजुळव करू लागला.

मग अप्पांनी टेकडीच्या उतारावर थांबवून ठेवलेले घोडेस्वार उचलले. टेप टाकला, अंतर बोटांनी मोजलं. टेकडीचा उतार, शेत, बांध, पूल. हे सगळं त्यांनी न बघता केलं. त्यांचे डोळे टेबलाच्या पलीकडे कुठेतरी होते.

"निरोप पोचला," ते हळूच म्हणाले. "निघाले."

फासा पडला. अप्पांनी अंगठा ठेवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चाचपला आणि काकांपुढे धरला. काकांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं. सहा खड्डे. कंपनीची पुलावरची रांग तुटली. काकांनी परतवायला फासा टाकला, त्यांना एक पडला. त्यांनी पुन्हा वाचला, एकच होता. पूल राजाचा झाला.

अप्पा ओरडले नाहीत. ते खुर्चीवर बसले, राखीव पायदळासकट, आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्षं उभे होते रे टेकडीवर," ते म्हणाले. जावयालासुद्धा गलबलून आलं. आई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी बॅग उचलली.

सगळं छान झालं असतं. आणखी पाच मिनिटं काका गप्प बसले असते, तर गाडी रस्त्याला लागली असती.

"माझ्या घोड्यांवर बसून!" काकांचा बांध फुटला. "माझ्या! वरचे माझे होते, सर्वेअर! तुझे ओढ्यात होते, ते तू तुझ्याच हाताने उडवलेस! सकाळपासून गिळून बसलोय मी! मला नाही सोसत!"

अप्पांनी एकेकाकडे तोंड वळवलं. "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

जावई हातातल्या किल्लीकडे बघायला लागला.

"म्हणजे आंधळ्याला खेळवत होतात." अप्पांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. "हा विजय खोटा. लढाई पुन्हा होईल. पहिल्यापासून. आणि तोपर्यंत मी कुठेही येत नाही. जा तुम्ही, जावईबापू."

जावयाने भिंतीला डोकं टेकलं. काका स्वतःच्या तोंडाकडे असा हात नेऊन उभे राहिले, की बाहेर पडलेले शब्द परत आत घालता आले तर बघावं. आणि आईंचा संयम संपला. त्या टेबलापाशी आल्या, खोकी ओढली आणि दोन्ही हातांनी सैन्य गोळा करायला लागल्या.

"वहिनी, चाल होते!" काका ओरडले.

"होऊ दे! माझं टेबल आहे. मला जेवायचंय आज टेबलावर, बसून, माणसासारखं!" त्या एकेक शिपाई उलटा करत होत्या, तळाकडे बघत होत्या आणि या खोक्यात नाहीतर त्या खोक्यात भिरकावत होत्या. पुलावरचे घोडेस्वार त्यांनी उचलले, उलटे केले आणि डावीकडच्या खोक्यात टाकले.

"अहो वहिनी, ते माझे, ते उजवीकडे."

"तुमचे कुठले, भाऊजी? तळाला फुली आहे. फुली म्हणजे यांची. तुमच्यांना नुसती रेघ. आवरताना घोळ नको म्हणून मीच कोरलीय."

"फुली?" जावई पुढे झाला. त्याने एक घोडा उचलला. तळावर खिळ्याने कोरलेली फुली होती. दुसरा उचलला, फुली. सगळ्यांना फुली. मग त्याने मेलेल्यांच्या खुर्चीकडे धाव घेतली आणि ओढ्यात पडलेले घोडे उलटे केले. रेघ. रेघ. रेघ.

"अप्पा," तो म्हणाला, "घोडे तुमचेच होते. आणि तुम्ही उडवलेत ते काकांचे."

"मग मी काय म्हणत होतो?" अप्पा म्हणाले. "माझे मी वर ठेवले होते. मला पाहावं कशाला लागतं त्याला?"

"शक्य नाही," काका म्हणाले. "माझे निळे आहेत. हे निळे आहेत!"

जावयाने एक घोडेस्वार त्यांच्या हातात दिला. "हा कुठला रंग?"

काकांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. "निळा. स्वच्छ निळा."

जावयाने तोच घोडेस्वार काढून अप्पांच्या हातात दिला. "हा?"

"हिरवा," अप्पा म्हणाले.

"जांभळा आहे तो!" आई कडाडल्या. "सगळे जांभळे आहेत! महिनाभर मी जांभळे शिपाई बघतेय. म्हटलं, नवीन फॅशन असेल."

काकांनी घोडेस्वार परत घेतला, चष्मा काढून पाहिला, चष्मा घालून पाहिला. मग ते मेलेल्यांच्या खुर्चीच्या दांडीवर टेकले. "दुकानात पुतणी असते," ते कुणी न विचारताच म्हणाले. "चिठ्ठ्या तीच वाचते हल्ली. मी आपला खोकी लावतो. म्हटलं, दुकानातली ट्यूबलाइट जुनी झालीय."

आता अप्पांची कळी खुलली. त्यांनी छाती पुढे काढली. त्या दोघांच्या खेळात जिंकणारा हरणाऱ्याला तहाची एक अट घालत असे. आजवर अट कायम काकांनीच घातली होती आणि ती कायम एकच असे, की सर्वेअरने चहा करायचा. अप्पांना अट घालायची संधी प्रथमच मिळाली होती.

"माझी अट ऐक," अप्पा म्हणाले. "उद्याचं ऑपरेशन तुझं. माझ्या जागेवर तू जायचं. तू दुकानदार माणूस, लोकांच्या जिवाशी गाठ. माझं काय, मी घरीच असतो. मला पूल मिळाला, मी तीन महिने सुखाने थांबेन."

हे औदार्य होतं की पळवाट, हे अप्पांनाही सांगता आलं नसतं. पण काका तत्त्वाचे होते. ते उठले आणि सावधान उभे राहिले. "तह म्हणजे तह," ते म्हणाले. "मी येतो, जावईबापू. शर्ट बदलू का?"

"काका, अहो, त्यांच्या तपासण्या झाल्यात, तुमच्या कुठे... अप्पा, अहो तुम्ही शब्द दिला होता! पूल घेतल्यावर डोळा!" जावई आता चक्क ओरडत होता. "मी काय सांगू तिकडे? सासरे आणायला गेलो होतो आणि केमिस्ट घेऊन आलो?"

"भडकू नका. माणूस गेल्याशी कारण," अप्पा म्हणाले.

कुणाचं लक्ष नाही असं बघून आई टेबलापाशी गेल्या. त्यांनी पूल उचलला, काड्यांचा, हातभर, आजच जिंकलेला. तो टॉवेलमध्ये गुंडाळला, बॅगेत घातला, चेन लावली आणि बॅग घेऊन अंगणात उभ्या असलेल्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. खिडकीची काच खाली केली.

"पूल चाललाय लेकीकडे," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्याला हवा असेल त्याने यावं. डोळा झाल्याशिवाय मिळणार नाही. भाऊजी, तुम्हीही बसा, तिथे तपासून घेऊ तुमचेही. आणि जेवण डब्यात भरलंय, गाडीत खा. टेबलावर खायचं नशिबात नाही माझ्या."

अप्पा पायरीवर उभे राहिले. "हा दगा आहे!"

"आहे," आई म्हणाल्या. "जावईबापू, गाडी सुरू करा."

जावयाने गाडी सुरू केली. अप्पांनी एकदा घराकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, निदान गाडीच्या बाजूकडे. मग ते चपला घालून, काकांच्या खांद्यावर हात ठेवून, मुकाट्याने मागच्या सीटवर येऊन बसले. त्यांच्या शेजारी काका बसले. नाका ओलांडेपर्यंत दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते.

"सर्वेअर," मग काका हळू आवाजात म्हणाले, "बॅग वहिनींच्या पायाशी आहे. तू डावीकडून बोलण्यात गुंतव, मी उजवीकडून हात घालतो."

"थांब," अप्पा कुजबुजले. "आधी अंतर घेऊ दे."

आणि खिशातून टेप काढल्याचा आवाज जावयाला ऐकू आला. आईंनी मान न वळवता बॅग मांडीवर घेतली.

"पंच," अप्पा मागून म्हणाले, "चालत्या गाडीत चढाई करता येते का?"

"मी राजीनामा दिलाय," जावई म्हणाला, आणि त्याने आरशात एकदा बघून घेतलं. सासरे गाडीत होते.